तंबूतली बाटली

डॉक्टर मेहनाज यांनी अयोध्याचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि बोटांचे सांधे एकेक करून दाबून पाहिले. मधल्या बोटाशी आल्यावर अयोध्यानं श्वास आत ओढला.

“ती वरडायची न्हाय,” शेजारी बसलेला तिचा भाऊ भागवत म्हणाला. “लहानपणापास्नं तशीच हाय. वरडलं तर माणसाला कळतं तरी.”

“दादा, तुमी जरा गप बसा.”

“म्या गप बसलो तर तुझं सांगणार कोण?”

डॉक्टरांनी जुन्या गोळ्या बघायला मागितल्या. पिशवी मोटारसायकलला अडकवलेली होती. सास्तूरहून उमरग्यापर्यंत बहिणीला मागं बसवून आणलेला भागवत गुडघ्यांवर हात देत उठला आणि बाहेर गेला.

तेवढ्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढला.

“मावशी, तुमच्या रक्तात काविळीचा एक विषाणू सापडलाय. यकृत आतून खात राहतो, वर्षानुवर्षं कळतही नाही. त्यानंही सांधे धरतात.”

“मंग ह्यो संधिवात न्हाय?”

“असेलही. तपासणी तसं म्हणते, पण हा विषाणू असला की संधिवात नसतानाही ती तपासणी तशी येऊ शकते. एकच आजार आहे की दोन, ते आज मला सांगता येत नाही.”

“गोळ्या चालू ठिवू का?”

“नको. त्या आता यकृताला सोसायच्या नाहीत. विषाणूवर औषध आहे, बहुतेकांना गुण येतो. हातांचं मात्र वचन देत नाही.”

अयोध्या आपल्या हातांकडे बघत राहिली. त्याच गोळ्यांच्या जोरावर ती सकाळी निदान वेणी घालू शकत होती.

“हा रक्तातून येतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पूर्वी दिलेलं रक्त या विषाणूसाठी तपासायची सोय नव्हती. तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?”

त्र्याण्णवच्या भूकंपात तिला भिंतीखालून ओढून काढलं, तेव्हा मांडी फाटली होती. तंबूतल्या दवाखान्यात रक्त हवं होतं. जुळलं ते भागवतचं. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तो हात बांधून बसायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “हिची ओवाळणी म्या कवाच देऊन बसलोय.” घर हसून घ्यायचं. मग तो हळूच तिच्या पदरात लुगडं टाकायचा.

दार वाजलं. भागवत पिशवी घेऊन आत येत होता.

“न्हाय,” अयोध्या म्हणाली. “रक्त कवाच चढवलं न्हाय.”

“न्हाय कसं?” भागवतनं पिशवी टेबलावर ठेवली. “येडी झालीस का? डॉक्टरीणबाई, भूकंपात चढवलंय की. बाटलीभर. आन् ते कुणाचं म्हनून काय इचारता, माझं हाय. गावात कुणाचंच जुळंना. हिच्या अंगात निम्मा म्या हाय, तवाच तर एवढी हट्टी हाय.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी अयोध्याकडे पाहिलं. अयोध्यानं मान अगदी थोडी, आडवी हलवली.

“मामा,” डॉक्टर म्हणाल्या, “तुमचंही रक्त तपासायला लागेल.”

“माझं?” भागवतचा चेहरा उजळला. तो बहिणीकडे वळला. “बघ. म्हनलं हुतं का न्हाय, माझ्याबिगर तुझं भागायचं न्हाय?”

“दादा, ऱ्हाऊ द्या. घरी जाऊ.”

“जाऊ की. घाई काय हाय?”

तो खुर्ची ओढून बसला, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टेबलावर उताणा टाकला.

“घ्या, डॉक्टरीणबाई. म्हातारा म्हनून बिचकू नगा. हिला पुरल एवढं घ्या.”