हात लावताच हिरवा

महाराज आले की आमच्या ऑफिसातली माणसं हातातलं काम टाकून काचेच्या खोलीभोवती गोळा व्हायची. अकाउंट्सच्या बाई यायच्या, रिसेप्शनवरची मुलगी यायची, साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा दारात उभा राहायचा. खोलीत एक मशीन होतं आणि त्यावर एक दिवा. प्रोग्रॅमरांनी लिहिलेले तुकडे जोडून त्यांचा एक अखंड प्रोग्रॅम तयार करायचा, हे त्या मशीनचं काम. त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. बिल्ड झालं की हिरवा दिवा, फसलं की लाल.

आमच्या हातून लाल लागायचा. महाराजांच्या हातून हिरवा.

ते बाहेरून बोलावलेले सल्लागार होते. नाव थट्टेतच पडलं होतं, पण हळूहळू थट्टा गळून गेली आणि महाराज तेवढे उरले.

"मोबाईल पालथे ठेवा," ते मऊ आवाजात सांगायचे. "हा कोड लिहिताना कोणाच्या तरी मनात राग होता. राग उतरतो हो कोडमध्ये. मशीनला सगळं कळतं."

माणसं एकमेकांकडे चोरून बघायची. महाराज मशीनवर तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे, मग आपल्या लॉगिनवरून काहीतरी टाइप करायचे. हिरवा दिवा लागायचा. टाळ्या पडायच्या.

मी चाचणी विभागात काम करतो. एकदा मी विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलंत?"

"सांगून कळण्यासारखं असतं तर तुम्हीच केलं नसतं का?" ते म्हणाले. सगळे हसले. मला मात्र त्या हसण्याची भीती वाटली, कारण आम्ही बनवत होतो तो काही खेळ नव्हता. शिरेतून ठरावीक वेगानं औषध सोडणारा पंप हॉस्पिटलात असतो, त्याचा प्रोग्रॅम आमचा होता.

मर्यादेपेक्षा जास्त औषध जायला लागलं, तर त्या पंपानं ओरडायला हवं. जुन्या प्रोग्रॅममध्ये तो कधीकधी गप्प राहायचा. आमच्या सर्वांत अनुभवी प्रोग्रॅमरनं, जिला सगळं ऑफिस ताई म्हणतं, ती चूक दुरुस्त केली आणि ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. त्याच सुमारास बिल्डचं जुनं मशीन जाऊन नवं, वेगळ्या सिस्टिमचं आलं. तेव्हापासून लाल दिवा. मशीन म्हणायचं, अलार्मची फाईल सापडत नाही. फाईल तर डोळ्यांसमोर दिसत होती. आमच्या कॉम्प्युटरांवर तोच प्रोग्रॅम सुरळीत जोडला जायचा. मशीन पछाडलंय, असं आधी कोणीतरी गमतीत म्हणालं. नंतर त्या खोलीत एकटं जायला लोक कचरायला लागले. मग साहेबांनी महाराजांना आणलं.

हिरवा दिवा लागला तेव्हा मी साहेबांना म्हणालो, "बाहेर पाठवण्याआधी हा प्रोग्रॅम पंपात भरून तपासू द्या."

"हॉस्पिटलं खोळंबलीत," साहेब म्हणाले. "दिवा हिरवा आहे ना? मग झालं."

ताई रजेवरून परत आली, त्याच आठवड्यात एक डॉक्टर बाई आमचा पंप हातात घेऊन थेट ऑफिसात आल्या. अतिदक्षता विभागातल्या होत्या. पंप त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"दुरुस्ती झाली असं तुम्ही कळवलंत. पेशंटला लावण्याआधी मी मुद्दाम मर्यादा ओलांडून पाहिली. हा गप्प बसला."

"पण डॉक्टर, बिल्ड हिरवं होतं," साहेब म्हणाले.

"हिरवं म्हणजे काय?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. महाराज तिथेच होते. "वॉर्डातल्या वातावरणाचाही परिणाम होतो," ते म्हणाले.

ताई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "महाराज, डॉक्टरांसमोर एकदा बिल्ड करून दाखवाल?"

"अवश्य."

ताई आपल्या जागेवर गेली आणि मला खुणेनं बोलावलं. तिनं अलार्मची फाईल उघडली, आतला सगळा मजकूर पुसला आणि लिहिलं: बाळ काल पहिल्यांदा बसलं. असलं वाक्य जगातल्या कुठल्याच मशीनला जोडता आलं नसतं.

काचेभोवती गर्दी जमली. मोबाईल पालथे झाले. महाराजांनी तळवा टेकवला, डोळे मिटले, टाइप केलं.

हिरवा.

टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात ताईनं ती फाईल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. लोक ते वाक्य वाचत गेले तशा टाळ्या विरत गेल्या.

"हे वाक्य वाचून मशीननं अलार्म तयार केला?" ताईनं विचारलं. "की त्यानं हे वाचलंच नाही?"

मग तिनं महाराजांच्या लॉगिनमधल्या सूचना उघडल्या. मोजक्याच ओळी होत्या. जो तुकडा जोडता येत नाही तो सोडून दे, त्याच्या जागी जुन्या फोल्डरमधला आधीचा तयार तुकडा घाल, आणि दिवा हिरवा कर. म्हणजे गप्प राहणारा तोच जुना अलार्म दुरुस्तीच्या नावाखाली हॉस्पिटलांत पोचला होता.

"का केलंत असं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला हिरवा हवा होता," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही मऊच होता. "दुसरं काही तुम्ही मागितलं होतं का?"

खरा दोष ताईनं महाराज तिथे असतानाच शोधला. फाईलच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, आणि प्रोग्रॅममध्ये ती बोलावली होती स्मॉल अक्षरानं. आमचे कॉम्प्युटर दोन्ही एकच मानायचे, नवं मशीन वेगवेगळी मानायचं. तिनं अलार्मचा पुसलेला मजकूर परत घातला, ते एक अक्षर बदललं आणि कोणी हात न टेकवता बिल्ड झालं.

त्याकडे बघायला कोणी थांबलं नाही. आम्ही हॉस्पिटलांना फोन लावत होतो. सगळीकडे पंप बंद झाले, पण एका ठिकाणी कोणी फोन उचलेना. डॉक्टर म्हणाल्या, "जवळच आहे, चला," आणि मी त्यांच्या गाडीत बसलो.

तिथे कोपऱ्यातल्या खाटेवर एक वयस्क बाई होत्या. वेदनाशामक औषध चालू होतं. ओठ निळसर पडलेले, श्वास इतका विरळ, की दोन श्वासांच्या मधे आपलाच जीव वरखाली व्हावा. उशाशी मुलगा बसला होता. "शांत झोप लागलीय आईला," तो म्हणाला. पंप गप्प होता. डॉक्टरांनी नळी चिमटली, नर्सला हाक मारली, औषधाच्या उताऱ्याचं इंजेक्शन मागितलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. संध्याकाळी त्या बाईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

बाहेर मुलानं मला विचारलं, "यंत्र बिघडलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "ऑफिसातलं आमचं मशीन फाईल सापडत नाही असं खरं तेच सांगत होतं. आम्हाला ते ऐकायचं नव्हतं."

महाराज आता दुसऱ्या कंपनीत आहेत. तिथे लिफ्टच्या ब्रेकचा प्रोग्रॅम बनतो. आम्ही सगळी हकिगत त्या कंपनीला लिहून कळवली. उत्तर आलं: आमच्याकडे ते आल्यापासून सगळं हिरवं आहे.

म्हणून हे लिहितोय. तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, घरात कोणी हात लावून काही बरं करून दाखवलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला कसं केलंस ते विचारा. त्याच्याशिवाय ते करून पाहा. मुद्दाम चुकीचं काहीतरी त्याच्यापुढे ठेवा आणि तेही बरं होतंय का बघा. विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही, आणि होत असला तर होऊ द्या.