पिवळी गोळी, पांढरी गोळी

ड्रीमाला भाव काढायचं वेडच लागलं होतं. सदा हातात मोबाइल, अन् तोंडात तेच. तीच गोळी गावात साठ डॉलरला आणि नदीपलीकडे ओहायोत नऊला! "साठ! चोर लेकाचे!" ती ओरडायची आणि होबार्टमामा खो खो हसायचा. लहानाचं मोठं त्यानेच केलं होतं तिला. मामा काम करायचा ती खाण बंद पडली, तसा नोकरीबरोबर त्याचा आरोग्यविमाही गेला. तेव्हापासून त्याचं कुठलं औषध कुठून आणायचं, हे सतरा वर्षांची ड्रीमाच ठरवायची. कामात पक्की होती. मामा सगळ्यांना सांगत फिरायचा.

आजही दोघं जुन्या पिकअपमधून डोंगर ओलांडायला निघाले होते. मॅबरीच्या दुकानात शुगरची गोळी निम्म्या भावात होती. गाडी अर्थात मामा चालवत होता. अठराच्या आत शाळा सोडली की लायसन जातं, असा तिथला कायदा; ड्रीमाने शाळा सोडली म्हणून सरकारने तिचं काढून घेतलं होतं. नुसतं आठवलं तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची.

"मामा, दाब की जरा! गाय पुढे जाईल आपल्या."

"दाबतोय की."

कसला दाबतोय! काटा पंचविसाच्या वर चढत नव्हता. वळणावर गाडी हळूच मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली. समोरून लाकडाचा ट्रक भोंगा ठोकत आला आणि अगदी आरसा घासून गेला.

"झोपलास का रे?" ड्रीमा किंचाळली.

"डोकं हलकं झालंय जरा. चार दिवस असंच चाललंय," मामा म्हणाला. "नव्या गोळीची सवय व्हायचीय अजून."

"कुठली नवी गोळी?"

"तूच नाही का आणलीस? पिवळी."

ड्रीमा गर्रकन त्याच्याकडे वळली. "आणि पांढरी?"

"ती ठोक्यांची. ती कशी सोडीन? सकाळी एक, रात्री एक. पिवळीपण तशीच घेतो."

तिने समोरच्या खणातून दोन्ही बाटल्या ओढून काढल्या. नाव तेच. ताकदही तीच. फक्त कंपनी वेगळी, म्हणून रंग वेगळा. ओहायोतला भाव चढणार होता, म्हणून जुनी बाटली संपायच्या आतच तिने नवी आणली होती. आणून टेबलावर आपटली होती, "ही घे, हृदयाची" एवढंच म्हणून. आणि मामा? चष्मा घरी टीव्हीवर, गोळ्या रंगावरून. हृदयाचा वेग कमी करणारी गोळी तो चार दिवस दुप्पट खात होता.

"गाडी बाजूला घे."

"इथे कुठे? खाली दरी आहे."

"घे म्हणते ना!"

चर्चपुढच्या खडीवर गाडी कशीबशी थांबली. मामाने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. त्याचे ओठ राखेसारखे दिसत होते. ड्रीमाने मोबाइल उचलला. रेंज नाही. दहा दुकानांचे भाव सांगणारा मोबाइल, आणि एक फोन लागेना. चर्चला कुलूप.

"सरक," ती म्हणाली.

"लायसन नाही तुझ्याकडे. शेरीफ धरेल."

"धरू दे! दवाखान्यात तरी पोचवेल तुला."

तिने त्याला ढकलून पलीकडे बसवलं आणि गाडी काढली. डावा हात स्टिअरिंगवर, उजव्या हातात मामाचं मनगट. ठोका लागला. मग काहीच नाही. ती श्वास रोखून बसली. वळण आलं. मग लागला.

"बोलत राहा, मामा. शिव्या दे, पण बोल."

"तुला... कशाला देऊ शिव्या?"

एवढंच बोलून तो गप्प झाला. ड्रीमा मात्र त्याला, गाडीला, त्या नऊ डॉलरना शिव्या घालत राहिली, कारण थांबली असती तर रडली असती आणि रस्ता दिसेनासा झाला असता.

दवाखाना लांब होता, मॅबरीचं दुकान जवळ. तिथे गाडीतूनच औषध घ्यायची खिडकी होती. रांग तोडून ती सरळ तिथे घुसली आणि भोंग्यावरचा हात काढेना.

"रांग दिसत नाही का गं?" औषधं देणारी लव्हॉन खिडकीतून खेकसली.

"दोन्ही खाल्ल्यात त्याने!" ड्रीमाने बाटल्या पुढे धरल्या. "दोन्ही एकच आहेत! चार दिवस!"

लव्हॉनने बाटल्यांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. पुढच्या क्षणी ती बाहेर होती, मामाच्या मानेवर दोन बोटं दाबून.

"आज सकाळी?"

"आजही दोन्ही."

"अँब्युलन्स बोलवा!" ती आतल्यांवर ओरडली.

मामाने डोळे किलकिले केले. "ए शहाणे," तो पुटपुटला, "आधी बघ... कुठली स्वस्त पडते."

"गप बस रे!"

तो खरंच गप्प बसला. मग ती घाबरली आणि म्हणाली, "नको, बोल. बोल ना, मामा."

"सोड आता, मी बघते," लव्हॉन म्हणाली. ड्रीमाने मनगट सोडलं नाही. सायरनचा आवाज आला, पण तो अजून डोंगराच्या पलीकडेच होता. बोटाखाली ठोका लागला. ती पुढच्याची वाट बघत राहिली.