पाहणीच्या दिवशी मी बाल्कनीत होते

इकडेतिकडे पाहू नका, आवाज खालून येतोय. मी व्हीलचेअर. चार चाकं, दोन हात, एक कापडी पाठ, आणि कुणी कधी विचारलंच नाही म्हणून मनात साठून राहिलेलं बरंच काही.

जन्म कारखान्यातला. त्या दिवशी माझ्यासारख्या आणखी चाळीस जणी तयार झाल्या आणि सगळ्यांना घड्या घालून एका ट्रकमध्ये कोंबलं. माझ्या वाट्याला आधी एक बँडवाले आजोबा आले. त्यांचे गुडघे गेले होते, पण आवाज खणखणीत. रोज संध्याकाळी ते स्वतःच मला हाकत नदीकाठी न्यायचे आणि वाटेतल्या लोकांवर ‘व्हा बाजूला!’ म्हणून खेकसायचे. तिथं एक लांबच लांब उतार होता. समोरून वारा यायचा आणि माझी चाकं भन्नाट पळायची. तो उतार मला अजून हवाहवासा वाटतो. आजोबा गेले, त्यांच्या सुनेनं मला दवाखान्याला देऊन टाकलं आणि दवाखान्यानं या घरी पाठवलं.

या घरात माणसं दोनच, आई आणि मुलगा. आई टपालखात्यात होती. एकवीस वर्षं खांद्याला पिशवी लावून तिनं घरोघरी पत्रं पोचवली. मग नसांचा आजार जडला. हा आजार मोठा लहरी. एखाद्या दिवशी ती भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि दुसऱ्याच दिवशी तिला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही. मुलगा विशीतला, ताडमाड उंच. आई त्याला उंटोबा म्हणते.

उंटोबाचा दिवस आईच्या हाकेनं सुरू होतो. तिला कुशीवर वळवायचं, उठवून माझ्यात बसवायचं, न्हाणीघरात न्यायचं, तिथंही तोंड फिरवून पण हात धरून उभं राहायचं. मग गोळ्या, मग नाश्ता, मग वेणी. पहिल्या आठवड्यात त्यानं घातलेली वेणी पाहून मायलेक पोट धरधरून हसले होते. आता तो अशी घट्ट, सरळ वेणी घालतो की कुणालाही हेवा वाटावा. पण त्याच्या वयाची मुलं काय करतात ते तो खिडकीतून पाहतो, आणि खिडकीत तो किती वेळ उभा असतो ते मी पाहते.

त्याला नकाशे काढायला शिकायचं होतं. जमीन मोजायची, डोंगर-ओढे कागदावर उतरवायचे. तशा एका संस्थेत त्याला प्रवेशही मिळाला होता. आईचं दुखणं वाढलं तेव्हा त्यानं एक वर्ष पुढं ढकललं. मग संस्थेचं दुसरं पत्र आलं की यंदा आला नाहीत, तर जागा दुसऱ्याला देऊ. ते त्यानं आईला दाखवलं नाही. माझ्या पाठीमागं एक कप्पा आहे, त्यात घडी करून सारलं.

घरी इंजेक्शन द्यायला एक नर्स येते. तोंडानं फटकळ, मनानं सोनं. एकदा तिनं त्याला दारातच अडवलं.

“काय रे, अर्ज केलास का नाही अजून? तू काळजीवाहक आहेस. तुला हक्काचा भत्ता मिळतो, आणि आठवड्याला बारा तास घरी मदतनीस मिळते.”

“मी कसला काळजीवाहक? मी मुलगा आहे.”

“मुलगा आहेस म्हणून सरकारनं तुला विसरून जायचं, असं कुठं लिहिलंय? मागत नाहीस म्हणून मिळत नाही, एवढंच.”

दोन वर्षं तो घरात राबत होता आणि अशी काही सोय असते हे त्याच्या गावीही नव्हतं. बारा तास! म्हणजे आठवड्यातल्या तीन सकाळी. संस्थेचे वर्गही तीनच सकाळी. त्या दिवशी वेणी घालताना तो चक्क शीळ घालत होता. एकोणीस पानी अर्ज त्यानं आठ दिवसांत भरला आणि मग पाहणीची, म्हणजे कचेरीतून एक बाई घरी येऊन आईची अवस्था बघून जाणार त्याची, तारीख आली.

आता या घराची एक रीत सांगते. कुणी येणार असलं की मला बाल्कनीत ठेवतात, वाळत घातलेल्या चादरींच्या मागं. आईला ते आवडत नाही, कुणी तिला माझ्यात बसलेलं पाहावं हे. मला राग येतो, पण सांगणार कुणाला? पाहणीच्या दिवशीही तसंच झालं. येणाऱ्या बाई नेमकं मलाच पाहायला येणार होत्या, आणि यांनी सवयीनं पाहुण्यांसारखी तयारी केली. फरशी पुसली, पलंगावर नवी चादर घातली, आईला इस्त्रीची साडी नेसवली आणि साध्या खुर्चीत बसवलं. मी चादरींच्या आड उभी राहून कपाळाला हात लावला असता, पण माझे हात वर होत नाहीत.

त्यातून तो आईचा बरा दिवस. पाहणीवाल्या बाई आल्या तशी ती टेबलाला धरून उभी राहिली. “या, बसा ना,” म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण नाही. चार पावलं चालून तिनं स्वतः पाण्याचा पेला आणून दिला. आपल्या घरी आलेल्या माणसाला बसल्या जागेवरून पाणी द्यायचं तिच्या जिवावर आलं.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. “स्वतः उठता येतं ना?”

“येतं की. तसं माझं काही फार नाही हो.”

मग त्या मुलाकडं वळल्या. “तुला हे सगळं करताना जड जातं का?”

आई समोर बसलेली. तो तिच्याकडं पाहून हसला. “छे, जड कसलं? आई आहे माझी.”

बाई भल्या होत्या. पाणी छान होतं म्हणाल्या आणि गेल्या. त्यांची पावलं जिन्यावर वाजेनाशी झाली तशी आई खुर्चीतून घसरली. पुढचे दोन दिवस ती अंथरुणातून हलली नाही. उंटोबानं तिला उचलून नेलं, उचलून आणलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मदतीची गरज दिसून आली नाही.

“जाऊ दे रे,” आई म्हणाली. “आपलं चाललंय ना?”

“चाललंय की.”

दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते कळत होतं. तो पुन्हा खिडकीत उभा राहू लागला. आता शीळ नव्हती.

एका दुपारी तो औषधं आणायला गेला होता. आई पलंगावर, मी शेजारी पाठ करून उभी. तिला कंगवा हवा होता म्हणून तिनं माझ्या कप्प्यात हात घातला आणि हाताला पत्र लागलं. जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोचवलेली बाई ती. पण या पत्रावर तिच्या मुलाचं नाव होतं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तो येईपर्यंत छातीवर धरून पडून राहिली.

“हे कधी आलं?”

तो पिशवी घेऊन तसाच उभा. “झाले तीन महिने.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून तू काय केलं असतंस?”

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. आईच्या काळजाला ते लागलं, मला दिसलं. पण ती रडली नाही. “त्या नकाराच्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय,” ती म्हणाली, “मान्य नसेल तर समक्ष येऊन सांगता येतं. मी येणार. हिच्यात बसून.”

हिच्यात म्हणजे माझ्यात! दाराबाहेरच्या तीन पायऱ्या उंटोबानं मला उलटी करून उतरवल्या आणि किती दिवसांनी माझ्या चाकांखाली रस्ता आला. तिचीच जुनी वाट होती ती. कोपऱ्यावरचा चांभार हातातलं काम टाकून उठला. “अहो टपालबाई! होता कुठं इतके दिवस?”

मला वाटलं, आता ही म्हणणार की बाहेरगावी होते. “घरीच होते,” ती म्हणाली. “पाय गेले माझे.” एवढं बोलायला तिला दोन वर्षं लागली होती.

कचेरीत टेबलापलीकडं एक साहेब होते. उंटोबानं सुरुवात केली, “म्हणजे तसं आम्ही भागवतो, पण...”

“तू बाहेर थांब,” आई म्हणाली.

“अगं आई...”

“थांब म्हटलं ना.”

दार लागलं. तिचे हात माझ्या हातांवर होते.

“साहेब, तुमच्या बाई आल्या तेव्हा मी उठून पाणी दिलं. त्यापायी पोराला दोन दिवस मला उचलून संडासला न्यावं लागलं. हे त्याच्यासमोर मला बोलवत नाही. आणि माझ्यासमोर त्याला विचारलंत, तर तो जड आहे म्हणायचा नाही. आम्हाला एकत्र विचारूच नका.” ती थांबली. “मला तो हवाय, साहेब. दिवसभर हवाय, डोळ्यांसमोर हवाय. माझ्यावर सोडलंत तर मी त्याला कध्धी जाऊ देणार नाही. म्हणून तुम्ही द्या. ते बारा तास त्याला तुम्ही द्या.”

मग मला बाहेर आणलं आणि तो आत गेला. तो आत काय बोलला ते मला ठाऊक नाही, आईलाही नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. दोघांनी एकमेकांना काहीही विचारलं नाही.

मंजुरी आली तेव्हा वर्ग सुरू व्हायला चार दिवस उरले होते. भत्ताही मिळाला, मदतनीस ताईही. पहिल्या सकाळी उंटोबाचा पाय काही निघेना. गोळ्या कुठं आहेत ते त्यानं ताईला तीनदा सांगितलं, वेणी कशी घालायची तेही सांगितलं. शेवटी आईच ओरडली, “जातोस का आता, का मी सोडायला येऊ?” तो गेला.

सध्या माझं बस्तान खिडकीशी आहे. नदीकाठचा उतार काही मला पुन्हा दिसला नाही आणि बहुधा दिसणारही नाही. त्या तीन सकाळी आई माझ्यात बसून रस्त्याकडं पाहते. नऊ वाजता तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होतो, साडेनवाला ती घड्याळ पाहते, दहाला पुन्हा पाहते. ताई गप्पा मारते, ही हूं हूं करते. ज्या तासांसाठी ती सगळ्यांसमोर माझ्यात बसून गेली, ते तास तिला जाता जात नाहीत. अकरापासून तिची मान त्या वळणावरून हलत नाही. एक वाजता तो दिसला, की तिचे हात माझ्यावर घट्ट आवळतात आणि ती घाईघाईनं ताईला म्हणते, “मला आत वळव, आत वळव.”

तो धापा टाकत दारात येतो. ती पेपरातून डोकं वर काढते. “एवढ्यात आलास?”

तो हसतो आणि काय काय शिकवलं ते सांगत बसतो. ती मान डोलावते. तुम्हाला सांगितलं ते सांगितलं, पण त्याच्या कानावर घालू नका. तो जायचा थांबेल.