वाळलेला पडदा

नम्रताच्या यंत्राचा सगळा जीव एका पातळ पडद्यात होता. घरगुती फिल्टरमधून काढलेल्या त्या पडद्याच्या एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. साधं पाणी आपणहून मिठाकडे शिरे, दाब वाढे, चिमुकलं चाक फिरे आणि बोटाएवढा दिवा लागे. निदान कॉलेजात तरी लागला होता.

बाबांशी तिचा सौदाच ठरला होता. परीक्षकांसमोर दिवा लागला तर एम.टेक., नाहीतर खराडीतल्या कंपनीची हातात आलेली नोकरी. बाबा, म्हणजे महिपती, कारखान्यात फिटर, आणि शब्दाचे नको इतके पक्के.

दसऱ्याच्या सुट्टीत लॅबला कुलूप, म्हणून यंत्र कात्रजला घरी आलं. रात्री जागून दमलेली नम्रता खंडेनवमीला दुपारी उठली, तर पाटावर बाबांच्या पान्हे-पक्कडींशेजारी तिचं यंत्र. सुटं करून, धुऊन, गच्चीवरच्या उन्हात वाळवून, पुन्हा जोडलेलं, वर झेंडूची माळ. एक स्क्रू सैल नव्हता. इतके दिवस ‘कसलं ते मीठपाणी’ म्हणणारा माणूस! तिला भरून आलं.

सुट्टीनंतर कॉलेजात परीक्षकांसमोर पाणी हललंच नाही. चहा झाला, परीक्षक घड्याळ बघून उठले. प्रोजेक्टमधली जोडीदारीण खुशनुमानं पडदा काढून उजेडात धरला. कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका होता.

"नमू, हा ड्राय झालाय. एकदा भिजला की ओलाच ठेवायचा, हे ठरलं होतं ना आपलं?"

नम्रताला गच्चीवरचं ऊन आठवलं. घरी हे सांगायचंच राहिलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा बाबा दारातच उभे होते. "लागला?"

"नाही. आमचंच गणित चुकलं."

"मनापासून पूजा केली होती गं," ते म्हणाले. पुढे दोघांनीही शब्द पाळला.

वर्षभरात कात्रज-खराडी बसनं नम्रता पार पिचून गेली. पुढच्या खंडेनवमीला बाबा तिचा लॅपटॉप पाटाकडे नेत होते, तेव्हा ती अर्धवट झोपेत बोलून गेली, "बाबा, हा धुऊ नका हं. नुसतं कुंकू लावा."

महिपती लॅपटॉप हातात धरून तिथेच थांबले. जन्मभर यंत्रं खोलून बिघाड शोधलेला माणूस तो.

"तो पडदा ओला ठेवायचा होता का, नमू?"

तिला नाही म्हणायचं होतं, पण खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी लॅपटॉप तिच्या उशाशी आणून ठेवला. मग पाटावरचे पान्हे एकेक करून पेटीत भरले. त्या वर्षी त्यांनी पूजा केली नाही.