सहीचा अधिकार

थोरल्या जावेने रुग्णालयाच्या मानसशास्त्र विभागात अठरा वर्षं बुद्धीच्या चाचण्या घेतल्या होत्या. ठोकळे, चित्रं, कोडी, सगळं तिच्या हातचा मळ. पण शिक्षण नुसतं एम.ए. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर सही करायला वरचं दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, आणि ते संसाराच्या रामरगाड्यात राहूनच गेलं.

धाकटी जाऊ लग्नानंतर ते करून आली आणि नेमकी त्याच विभागात वरिष्ठ म्हणून रुजू झाली. तिच्या अभ्यासाच्या दिवसांत तिच्या वाटचा स्वयंपाक थोरलीनेच ओढला होता.

"ताई, तुमच्याकडूनच तर शिकले मी," धाकटी चारचौघांत म्हणायची. थोरलीला ते जखमेवर मीठ वाटायचं.

एका सकाळी एक बाई एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाहेर बाकावर ती थोरलीला म्हणाली, "कालपासून फिटची गोळी दुप्पट केलीय. नुसती पेंगतेय बघा."

हे आत धाकटीला सांगणं थोरलीचं कामच. तिने ओठ मिटून घेतले. पडू दे एकदा तोंडावर!

फाइलीत जुनाच डोस होता. मुलगी ठोकळ्यांवरच डुलक्या घेत राहिली आणि धाकटीने कागदावर लिहिलं, 'तीव्र दिव्यांगत्व'.

"म्हणजे हिला शिवणवर्गातून काढतील?" आईचा आवाज चिरकला. "दोन बस बदलून एकटी जाते हो ती!"

धाकटीने पेन उचललं.

"थांब, सही करू नकोस," थोरली म्हणाली. "तिची गोळी वाढवलीय. झोपेत आहे ती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळीच."

धाकटीने पेन खाली ठेवलं. मग तिने कागद फाडला आणि आईला म्हणाली, "डॉक्टरांना विचारा, औषध स्थिरावू द्या. मग पुन्हा या."

महिन्याने मुलीने ठोकळे भराभर जुळवले. अहवालात 'सौम्य' आलं. निरीक्षणांच्या रकान्यात धाकटीने थोरलीचं नाव घातलं. सही अर्थातच धाकटीची.

"त्या सकाळचं घरी बोलले नाही मी," ती हळूच म्हणाली.

हा मोठेपणा थोरलीला आणखीच झोंबला. त्या संध्याकाळी धाकटी अंघोळीला गेलेली बघून तिने तिच्या कपाटातून त्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं उचलली. मागून घेणं काही तिला जमलं नाही.