पन्नास चित्रांचा बोका

मामाचा माईक जाणार हे मला मामाकडून कळलं नाही, कुंदनच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. "यंदा आपली स्पर्धा पूर्ण डिजिटल! थेट प्रक्षेपण, स्क्रीनवर स्कोर, मागे म्युझिक." खाली तीन ज्वाळा आणि एक बॅट.

माझा मामा, काशिराम, खाडीकाठच्या आमच्या गावातल्या टेनिस क्रिकेट स्पर्धेचं समालोचन गेली एकतीस वर्षं करतो. स्पर्धा चार दिवसांची. उरलेले दिवस तो द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या गेटवर कंटेनरचे नंबर लिहून घेतो. घरी तो आमच्यासारखाच बोलतो, पण माईक हातात आला की त्याच्या 'हाय'चं 'आहे' होतं, 'नाय'चं 'नाही' होतं आणि समोरच्या गर्दीचं 'क्रीडारसिकहो' होतं. हे नेमकं कोणत्या क्षणी होतं ते मी लहानपणी बघायचे. माईक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आला की.

कुंदन स्पर्धा समितीचा अध्यक्ष. वय पस्तीस, कळंबोलीत चार ट्रेलर. मी त्याच्या ऑफिसात जाऊन थेट विचारलं.

"प्रांजल, तू बीएस्सी झालेली हायस. तूच सांग," तो म्हणाला. "बॅटरने सिक्स मारला. लोकांनी बघितला. मग 'सिक्स मारला' हे परत सांगायला माणूस कशाला?"

प्रश्न तर्काला धरून होता.

"काकांचा मान ठेवू ना आमी. बक्षीस समारंभाला स्टेजवर बसवू. रविवारी संध्याकाळी मीटिंग हाय, तेव्हा फायनल."

मामाला विचारलं तर म्हणाला, "बरा झाला. घसा बसतो माझा." पण त्याच दिवशी त्याने एका कंटेनरचा नंबर चुकीचा लिहिला. गेटवरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा. हे मला मामीने सांगितलं, आणि मामाला सांगू नको असंही सांगितलं.

त्याच रविवारी सकाळी अकरा वाजता पनवेलच्या एका वाचनालयात माझा आणि फिजाचा कार्यक्रम होता. फिजा माझी कॉलेजची मैत्रीण, दोघी भौतिकशास्त्राच्या. विषय होता जपानी ॲनिमेशनची सुरुवात. मुलं आजकाल जपानी कार्टून बघतातच, तर ती शंभर वर्षांपूर्वी कशी बनायची हे त्यांना दाखवा, असं वाचनालयाच्या शोभाताईंनी सुचवलं होतं. आम्ही चार महिने वाचत होतो. तिथले पहिले लोक फळ्यावर खडूने चित्र काढायचे, त्याचा फोटो घ्यायचे, थोडं पुसून पुन्हा काढायचे. पुढे कागद कापून आकृत्या करायला लागले, कारण पारदर्शक सेल्युलॉइड फार महाग होतं. त्यांचं बहुतेक काम नाहीसं झालं, बरंचसं १९२३च्या भूकंपात. क्योटोतल्या एका जुन्या घरात खेळण्यातल्या प्रोजेक्टरबरोबर एक तुकडा मात्र सापडला, बहुधा सगळ्यांत जुना. पन्नास चित्रं, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवलेली. एक मुलगा फळ्यावर काहीतरी लिहितो, वळतो, टोपी काढतो. सेकंदाला सोळा चित्रं धरली तर तीन सेकंदांहून थोडं जास्त. मग पुन्हा पहिल्यापासून. तो कोणी केला, कुणालाच माहीत नाही.

आम्हीही सरावासाठी आधी पन्नास चित्रांचाच एक तुकडा केला होता. बोका येतो, कोळणीची पाटी हुंगतो, पापलेट उचलतो, आपल्याकडे बघून शेपूट वर करतो. मग खरी फिल्म: तोच बोका पापलेट घेऊन पनवेलच्या बाजारातून पळतो, ट्रेलरवर चढतो, जेट्टीवर उतरतो आणि तिथे एक बगळा त्याच्या तोंडातला मासा पळवतो. एक मिनिट बावन्न सेकंद. एक हजार सातशे ब्याण्णव चित्रं. फिजाच्या अब्बांचं, नियाजचाचांचं, लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिथल्या छापून वाया गेलेल्या पत्रिका कापून सगळ्या आकृत्या केल्या. त्यामुळे पापलेट सोनेरी होतं आणि बोक्याच्या पोटावर, नीट बघितलं तर, 'आपले आगमन प्रार्थनीय' असं लिहिलेलं होतं.

कुंदनच्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच टिपणांत सापडलं. जपानमध्ये मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी एक माणूस बसायचा आणि चित्र चालू असताना बोलायचा. सगळ्या पात्रांचे आवाज, वर्णन, टोमणे. चित्र तर लोकांना दिसत होतंच. तरी लोक त्या माणसासाठी तिकीट काढायचे.

"फिजा," मी म्हटलं, "आपल्या फिल्मला बोलणारा हवा."

"तुझा मामा," ती लगेच म्हणाली. "आणि कुंदनशेठला समोर बसवायचं."

"तो कशाला येईल?"

"प्रमुख पाहुणा कर ना. शाल-नारळ म्हटलं की माणूस कुठूनही वेळ काढतो."

कुंदनने दोन मिनिटांत होकार कळवला. शालीचा रंग कोणता, असंही विचारलं.

मामाची तालीम फिजाच्या घरी झाली. मी दोन पानांची संहिता लिहून दिली, प्रत्येक वाक्यापुढे सेकंद घातले होते. मामाने ती घडी करून खिशात टाकली.

"बॉल पडायच्या आधी आमी बोलत नाय, बाय. बॅटिंग कोणाची?"

"मामा, यात बॅट नाहीये," फिजा म्हणाली. "बोका आहे."

"मग बोका बॅटिंगला. कोळीण कीपर." त्याने फिल्म एकदा बघितली. "ह्या बगल्याला कोण बोलवला? जाऊ दे, थर्डमॅनला उभा हाय."

फिजाची अम्मी, हलीमाखाला, शीरखुर्मा घेऊन आत येत होती. ती दारातच हसत बसली. मी मात्र काळजीत पडले. मुलांना जपानची माहिती द्यायची होती.

रविवारी वाचनालयात अडतीस मुलं आणि वीसेक पालक आले. कुंदन पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात, खांद्यावर निळी शाल, मांडीवर नारळ. त्याचा फोन दर दोन मिनिटांनी थरथरत होता. मी फळ्यावर खडूने चित्र काढून, पुसून, पुन्हा काढून दाखवलं. भूकंपाबद्दल सांगितलं. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा झोपला. मग पडदे लावले, मामाने माईक उचलला आणि मी मागे जाऊन लॅपटॉपवर फाइल सुरू केली.

बोका आला. पाटी हुंगली. पापलेट उचललं. शेपूट वर केली.

बोका आला. पाटी हुंगली. पापलेट उचललं.

मला कळलं तेव्हा बोक्याची तिसरी फेरी चालू होती. घरून निघताना मी 'बोका_अंतिम' ही फाइल घेतली होती, म्हणजे सरावाचा, पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. फिल्म होती 'बोका_अंतिम_खरा'मध्ये. चार महिने 'फाइलींना नावं नीट देत नाहीस' म्हणून फिजावर ओरडणारी मी.

"पेनड्राइव्ह?" फिजा कानात कुजबुजली.

"तुझ्या घरी."

"या अल्लाह!" ती स्कूटीची चावी घेऊन बाहेर पळाली.

मी मामाला हाताने खूण केली, थांब. मामाने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. म्हणजे तूच थांब.

आमच्या मैदानाच्या एका बाजूला खाडी आहे. जोरात मारलेला चेंडू कांदळवनात जातो आणि चार खेळाडू गुडघाभर चिखलात शोधत फिरतात. कधी पाच मिनिटं, एकदा बावीस. तेवढा वेळ मैदानावर काहीही घडत नाही. तरी एकही माणूस उठून घरी जात नाही. मी लहानपणापासून त्या माईकशेजारी बसत आले, पण याचं कारण काय असावं असा विचार मी कधी केला नव्हता.

"तर रसिकहो," मामा म्हणाला, "पहिलं पापलेट गेलं! कोळीणबाईंचं लक्ष नाही. त्यांचं लक्ष आहे सुनेच्या फोनकडे." पालकांमधून हसू आलं. "आणि पुन्हा आला! तोच बोका, तीच चाल! पण पाटी बदललेली आहे, बघा, ही दुसऱ्या बाईंची पाटी. तिसरी! आता मात्र बाजारात कुजबुज सुरू झालेली आहे. कोण आहे हा बोका? कुठून आला?"

"पनवेलचा!" एक मुलगी ओरडली.

"पनवेलचा नाही. पनवेलचा बोका मासा विकत घेतो." मामाने क्षणभर श्वास घेतला. "माहिती हाती येत आहे. हा बोका कळंबोलीहून आलेला आहे. चार ट्रेलरचा मालक. नाव..."

मी लॅपटॉपवरून मान वर केली.

"...नाव कुंदन!"

वाचनालय हशाने दणाणलं. झोपलेला मुलगा जागा झाला. पहिल्या रांगेत शाल जागच्या जागी ताठ झाली. मी मागून फक्त कुंदनच्या मानेचा रंग बदलताना बघितला. आम्ही माईक वाचवायला निघालो होतो आणि मामाने स्वतःच्या हाताने तो घालवला, असं मला वाटलं.

"कुंदन येतो आहे! दबकत! सभ्य माणसासारखा हुंगतो, जणू काही भाव विचारायला आलाय. आणि... उचललं! वर शेपूट दाखवतो, बघा हा मुजोरपणा!"

"कुंदन, पळ!" मुलं दर तीन सेकंदांनी एका सुरात ओरडायला लागली. मामा प्रत्येक फेरीला नवीन काहीतरी काढत होता. एकदा पापलेट शिळं निघालं. एकदा बोक्याचा उपवास होता आणि तरी त्याने उचललं. एकदा कोळणीने मुद्दाम पाटी उघडी ठेवली होती, कारण तिला मुलीसाठी स्थळ बघायचं होतं. चित्र तेच, पन्नासच्या पन्नास तीच. पण शपथेवर सांगते, उपवासाच्या फेरीत मला बोक्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसला.

मग कुंदन उठला. त्याच्या हातातला फोन थरथरत होता. तो निघून जाणार, असं समजून मी दाराकडे सरकले. पण तो मामाच्या टेबलापाशी गेला, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे काहीतरी लिहिलं आणि तो कागद मामापुढे धरला.

आमच्याकडे स्पर्धेत कुणीही समालोचकाला चिठ्ठी देऊ शकतो. बक्षीस असो, हरवलेली चप्पल असो की तक्रार. आणि हातात आलेली चिठ्ठी समालोचकाला जशीच्या तशी मोठ्याने वाचावीच लागते. आधी वाचायची, मग विचार करायचा.

"एक चिठ्ठी आलेली आहे," मामा वाचू लागला. "'बोक्याने मासा चोरलेला नाही. कोळणीने स्वतःहून दिला. नीट बघावे. कळावे, कुंदन.'"

मामाने चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. पडद्यावर बोका दोनदा येऊन गेला.

"हरकत नोंदवण्यात आलेली आहे!" मामाचा आवाज चढला. "निर्णय तिसऱ्या पंचाकडे! रसिकहो, आपण हा क्षण पुन्हा एकदा पाहू या."

बोका आला.

"पुन्हा एकदा. बाईंचा हात बघा. हलला का?"

"नाय!" अर्धी मुलं ओरडली.

"हलला!" कुंदन ओरडला. तो अजून टेबलापाशीच उभा होता, शाल एका खांद्यावरून घसरलेली. "डावा हात! काका, डावा हात बघा ना!"

"अध्यक्ष डावा हात म्हणतायत. पुन्हा एकदा!"

"मागच्या कॅमेऱ्यातून दाखवा!" कुंदन माझ्याकडे वळून म्हणाला. "स्लो करता येत नाय का?"

मी वेग निम्मा केला. सेकंदाला आठ चित्रं. सगळं वाचनालय पुढे वाकून लग्नपत्रिकेतून कापलेल्या एका हाताकडे बघत होतं. तो हात मी स्वतः टेपने चिकटवला होता. तो हलणं शक्यच नव्हतं.

"आऊट!" मामा म्हणाला, आणि कुंदनने नारळ असलेला हात कपाळावर मारून घेतला.

फिजा धापा टाकत आत आली, तेव्हा नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. खरी फिल्म आली आहे, असं मी जाहीर केलं. "नको! कुंदनचीच!" मुलं म्हणाली. एक हजार सातशे ब्याण्णव चित्रं कापणाऱ्या फिजाने त्यांच्याकडे कसं बघितलं, ते मी लिहीत नाही. खरी फिल्मही दाखवली. मामा बोललाही छान. पण बगळा आला तेव्हा मुलांनी त्याचा पंच केला.

बाहेर पायरीवर चपला घालताना कुंदन माझ्याशेजारी आला.

"ते सगळं मिळून किती सेकंदांचं होतं? खरं सांग."

"तीन पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश सेकंद."

"खोटं बोलतेस. मध्ये एकदा ती कोळीण हसली." मी नकारार्थी मान हलवली. तो थोडा वेळ चपलेचा पट्टा उगाच लावत बसला. मग मामाला हाक मारली. "काका, संध्याकाळी मीटिंगला या. प्रक्षेपण तर होणार. पण आवाज तुमचा लावू. म्युझिक काढतो."

"बघू. घसा बसतो माझा," मामा म्हणाला. माईक नव्हता, म्हणून साध्या आवाजात.

"चहाची सोय करतो. पण एक सांगतो, मैदानात बोका नको हां. माझी पोरं येतात बघायला."

"मी कशाला आणू?" मामा म्हणाला. "पण तो आपणहून आला, कुंदन, तर मना माईकवर बोलावा लागल."