मर्व्हची बोटीवरची चार वर्षं

मर्व्हला सत्तर पूर्ण झाली म्हणून आमच्या लेकीने, लिनेटने, आम्हा दोघांना फ्रीमँटलला धाडलं. दोन दिवस हॉटेल, बंदरावर जेवण आणि जुन्या तुरुंगाची तिकिटं, सगळं तिनेच ठरवलं होतं. ऑल्बनीहून तिथे जायला पाच तास लागतात. मर्व्ह वाटेत फारसा बोलला नाही. पाठ दुखत असेल, असं मी धरून चालले.

सकाळी कॉफी पिताना तो म्हणाला, "ग्वेन, तुरुंगात तू एकटीच जा. मी बंदरावर बसतो बोटी बघत."

"आयुष्यभर बोटींच्याच गोष्टी सांगितल्यास, अजून पोट भरलं नाही?"

"तुरुंगात काय बघायचं? भिंती."

"मग भिंती बघू. लेकीने हौसेने दिलंय. घरी गेल्यावर ती विचारेल, तेव्हा काय सांगायचं? तुझा बाप घाबरला म्हणून?"

तो हसला नाही. टोपी घातली आणि उठला.

त्याच्या बोटीच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. लग्नाआधी चार वर्षं तो मालवाहू बोटीवर होता. पाव भाजायला तिथेच शिकला, आणि त्या पावांवर आम्ही ऑल्बनीत एकतीस वर्षं बेकरी चालवली. कोलंबोच्या धक्क्यावर कप्तानाची टोपी पळवणारं माकड तर लिनेटला लहानपणी इतकं आवडायचं, की ती गोष्ट ऐकल्याशिवाय ती झोपत नसे.

तुरुंग बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. चुनखडीच्या उंच भिंतीतला दरवाजा, आत उन्हाने डोळे दिपवणारं अंगण. आमच्या गटात बाराएक माणसं होती. माहिती सांगणारा ट्रेव्हर पन्नाशीचा, पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. "चला मंडळी, आत जायला सोपं आहे, बाहेर पडायचं माझ्या हातात!" असं म्हणाला, आणि सगळे हसले.

मुख्य इमारतीत शिरलो. चार मजले, मध्ये मोकळी उंच पोकळी, दोन्ही बाजूंनी ओळीने दारं. एकेक खोली आमच्या कपड्यांच्या कपाटापेक्षा थोडी मोठी. कोपऱ्यात बादली ठेवली होती. ट्रेव्हर म्हणाला, "शेवटपर्यंत हीच होती हं संडासाची सोय. रोज सकाळी रांगेने जाऊन रिकामी करायची." एक बाई "ईऽऽ" करून मागे सरली.

मी वळून मर्व्हला काहीतरी म्हणायला गेले, तर तो शेजारी नव्हता. चार पावलांवर भिंतीला खेटून चालत होता, मान खाली घालून.

तेवढ्यात ट्रेव्हरला गंमत सुचली. "आता तुम्ही सगळे माझे कैदी. मी ओरडलो की एकेका दारापाशी उभं राहायचं. बघू कोण चांगला कैदी होतो!" छाती फुगवून तो असा ओरडला की छतापर्यंत घुमलं: "दारापाशी उभे राहा!"

लोक खिदळत इकडेतिकडे पळाले. कुणी सलाम ठोकला, कुणी फोटो काढायला लागलं.

मर्व्ह एका दारापाशी उभा होता. टोपी काढून डाव्या हातात धरलेली. टाचा जुळलेल्या. पाठ ताठ, जी घरी बुटाची नाडी बांधायलाही वाकत नाही तीच. नजर समोरच्या भिंतीवर, कुणाच्याही तोंडाकडे नाही.

"वा काका! पहिला नंबर!" एक जण ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मर्व्ह हलला नाही. त्याच्या गालावरून घाम ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. आत थंड होतं. मला माझ्या अंगावरचा स्वेटर लागत होता.

ट्रेव्हर हसत त्याच्याजवळ गेला, दोन हातांवर थांबला आणि त्याचं हसू गेलं. मग अगदी हळू म्हणाला, "माफ करा, साहेब. संपलं ते. या, बाहेर हवा खायला जाऊ."

मर्व्ह म्हणाला, "हो, सर."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला कुणाला 'सर' म्हणताना ऐकलं नव्हतं. बँकेच्या मॅनेजरलाही तो नावाने हाक मारायचा. मी कठड्याला धरलं.

बाहेर अंगणात एका बाकावर आम्ही बसलो. ट्रेव्हरने पाणी आणून दिलं आणि तो निघून गेला.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"चार. अडुसष्ट ते बहात्तर."

"म्हणजे बोट..."

"बोट नव्हतीच, ग्वेन."

"आणि कोलंबोचं माकड?"

"ते आल्फचं. आल्फ खलाशी होता. याच अंगणात फेऱ्या मारताना सांगायचा. सिंगापूर, वादळं, सगळं त्याचं." त्याने मुदपाकखान्याच्या दिशेने हात केला. "पाव मात्र माझे. ते तिकडे शिकलो."

माझ्या डोक्यात काहीच नीट बसेना. "काय केलं होतंस?"

"माणूस मेला माझ्या हातून." टोपी तो हातात गोल गोल फिरवत होता. "नॉर्थमला, गुत्त्याबाहेर. डार्टच्या खेळावरून बोलाचाली झाली. मी प्यालो होतो. एकच ठोसा मारला. तो मागे पडला, डोकं फरसबंदीवर आपटलं. कीथ ओल्डम नाव त्याचं. सव्वीस वर्षांचा होता."

शाळकरी मुलं रांगेने पुढून गेली. त्यांतली एक मुलगी आमच्याकडे बघून हात हलवून गेली. मीही हात हलवला, कसा कोण जाणे.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"मर्व्ह, मी विचारतेय."

"बोट म्हण, असं तिनेच सांगितलं होतं."

हे ऐकून मी उठून उभी राहिले. त्याची आई शेवटची सहा वर्षं आमच्याकडे अंथरुणावर होती. मी तिला भरवलं, धुतलं, रात्री कुशीवर वळवलं. माझा हात धरून ती म्हणायची, "ग्वेन, तू मला लेकीसारखी आहेस." आणि पाहुणे आले की मला सांगायची, "मर्व्हला कोलंबोचं सांगायला लाव गं." तिला सगळं ठाऊक होतं. ती हसत बसायची आणि मी चहा आणून द्यायचे.

"मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा तू नाही म्हणशील म्हणून. मग लिनेट झाली म्हणून. मग... सांगायला काही उरलंच नाही असं वाटायला लागलं."

"तुला वाटायला लागलं!"

माझा आवाज इतका चढला की माणसं वळून बघायला लागली. मी तिथून निघाले आणि एकटीच हॉटेलवर गेले. त्या दिवशी तो कुठे जेवला, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली. अर्धी वाट सरल्यावर एवढंच म्हणाले, "लिनेटला तू सांगायचंस. रविवारी. मी मदत करणार नाही."

त्याने सांगितलं. लिनेटला आधी थट्टाच वाटली, ती मोठ्याने हसली. मग माझ्याकडे बघितलं. उठून मागच्या अंगणात गेली आणि वाळलेले कपडे काढून पुन्हा तेच कपडे दोरीवर घालत बसली. आठ दिवस तिने बापाचा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी स्वतः आली आणि त्याच्यासमोर बसून रडली.

मी दुसऱ्या खोलीत झोपते. रोज संध्याकाळी मात्र एक प्रश्न विचारते, आणि तो खरं उत्तर देतो, एवढं आमचं ठरलंय. काही प्रश्न छोटे असतात. बादली उचलताना काय वाटायचं? आईची पत्रं यायची का? कीथच्या घरच्यांना कधी लिहिलंस का? लिहिलं होतं, सुटल्यावर, त्याच्या बहिणीला. उत्तर आलं नाही.

काल मी विचारलं, "दिसायला कसा होता तो?"

मर्व्हने दाराकडे बघितलं. "लाल केस," तो म्हणाला. "पुढच्या दातांत फट. हसला की सगळं तोंड हसायचं. डार्ट माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. त्या दिवशी खरं तर तोच जिंकला होता..."

मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि बसले. हात काही मी धरला नाही. पण अंधार पडेपर्यंत उठलेही नाही.